लाइन बदलत राहणार असेल, तर माल हलवायची साधनं कशी निवडायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: असेंब्लीच्या एका लाइनवर सध्या चार मॉडेल चालतात. वर्षभरात आणखी दोन-तीन येतील, आणि त्यांतलं एक आकाराने बरंच मोठं आहे. स्टोअरपासून लाइनपर्यंत माल फोर्कलिफ्टने येतो, लाइनवर पक्का बसवलेला रोलर कन्व्हेयर आहे. तो कन्व्हेयर उखडून स्वतः चालणारे मोबाइल रोबोट घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कोणत्या निकषांवर?

रोबोट घ्यायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. त्याआधी ठरायला हवं ते हे की माल कशात ठेवून हलवायचा आणि एका साधनाकडून दुसऱ्याकडे तो कसा सोपवायचा. बिन (भाग ठेवायचे खोके), पॅलेट, ट्रॉली, फिक्स्चर (भाग धरून ठेवणारे साचे) यांची मापं आणि हस्तांतराची उंची नक्की झाली, की त्याखाली फोर्कलिफ्ट येवो, रोबोट येवो की माणूस ढकलत आणो, लाइनला फरक पडत नाही. ते न ठरवता यंत्रं घेणं म्हणजे आधी कळस मग पाया. बदलत्या लाइनसाठी केलेली बरीच खरेदी मी याच एका कारणाने वाया गेलेली पाहिली आहे.

ही कल्पना नवी नाही. 1960 च्या दशकात ब्रिटनच्या मोलिन्स कंपनीत थिओ विल्यमसन यांनी ‘सिस्टिम 24’ उभारायला घेतली. लवचिक उत्पादन पद्धतीची सुरुवात बहुधा तिथपासून मानतात. दिवसपाळीत माणसांनी जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग, ठरावीक पॅलेटवर बांधून ठेवायचे आणि पुढे ते पॅलेट आपोआप वेगवेगळ्या मशीनकडे जात राहायचे, असा तो आराखडा होता. जॉब कितीही वेगळा असो, मशीनला दिसायचं ते एकाच प्रकारचं पॅलेट. सगळी लवचिकता त्या पॅलेटच्या तळात होती.

आता उलट उदाहरण, मी स्वतः जवळून पाहिलेलं. एका कारखान्यात कन्व्हेयरच्या रोलरमधलं अंतर 150 मिमी होतं आणि त्यावर 600 मिमी लांबीचे बिन वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होते. नव्या मॉडेलचे भाग लहान, म्हणून 400 × 300 चे बिन आणले. दुसऱ्याच दिवसापासून बिन अडकायला लागले. कन्व्हेयरचा जुना नियम आहे की बिनखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर असले पाहिजेत. 150 मिमी अंतरावर त्यासाठी 450 मिमी लांबी लागते. 400 मिमीचा बिन पुढे सरकताना अधूनमधून दोनच रोलरवर यायचा, नाक खाली घालायचा आणि तिसऱ्या रोलरला धडकायचा. आडवा ठेवला तर लांबी 300, म्हणजे त्याहून वाईट. आठवडाभर ऑपरेटर लाकडी पट्टीने बिन ढकलत होते आणि दोष पुरवठादाराच्या मोटरला दिला जात होता. रोलरमधलं अंतर सुरुवातीलाच 100 मिमी घेतलं असतं, तर ही वेळ आली नसती. थोडे रोलर जास्त लागले असते, एवढंच.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. आजची आणि येऊ घातलेली सगळी मॉडेल घ्या आणि प्रत्येक भाग कोणत्या बिनमध्ये, किती नग, किती किलो, तळ सपाट की रिब असलेला, हा तक्ता बनवा. बिनचे आकार दोन-तीनवर आणा. 600 × 400 आणि त्याच्या निम्मा 400 × 300 ही जोडी बहुतेक ठिकाणी पुरते. 1200 × 800 च्या पॅलेटवर 600 × 400 चे चार बिन एका थरात बसतात, 1200 × 1000 वर पाच बसतात, कुठेही काठाबाहेर जात नाहीत. एकदा ही पट्टी ठरली की रॅक, ट्रॉली, फ्लो रॅक (उतारावरून बिन आपोआप पुढे येणारा रॅक), कन्व्हेयर, रोबोटचा माथा, सगळं तिच्यावर बेतता येतं.

त्यानंतर हस्तांतराची उंची. माल जिथे जिथे एका साधनावरून दुसऱ्यावर जातो, तिथली जमिनीपासूनची उंची आज मोजून पाहा. स्टेशनागणिक 20-30 मिमीचा फरक हमखास सापडेल, कारण प्रत्येक स्टँड वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या फॅब्रिकेटरने बनवलेला असतो. माणूस हा फरक हाताने सांभाळून घेतो, यंत्र सांभाळत नाही. सगळीकडे एकच उंची ठरवा आणि स्टँडच्या पायांना आटे असलेले, वरखाली करता येणारे फूट लावा. तोंडाशी व्ही आकाराचे गाइड द्या. रोबोटच्या कॅटलॉगमध्ये थांबण्याची अचूकता लिहिलेली असते, पण ती स्वच्छ जमिनीवर, नव्या चाकांवर मोजलेली असते. चाकं झिजली, जमीन खडबडीत निघाली की ती अचूकता राहत नाही. गाइडचं तोंड 15-20 मिमी सैल असलं, की उरलेली चूक पत्रा सांभाळतो. स्वस्तात इतकी लवचिकता देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

मग विचारा, नक्की काय बदलणार आहे? ‘लवचिक’ हा शब्द बैठकीत सगळे एकाच दमात वापरतात, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. रोजचं मॉडेलचं मिश्रण बदलत असेल, तर अडचण वाहनाची नसते, योग्य भाग योग्य क्रमाने पोचण्याची असते. तिथे किटिंग लागतं, म्हणजे एका नगाला लागणारे भाग एका ट्रेमध्ये लावून त्या नगाबरोबरच पाठवणं. एकूण संख्या वरखाली होत असेल, तर असं साधन हवं की ज्याचे दोनाचे तीन, तिनाचे चार करता येतील. ट्रॉली, टगर (ट्रॉल्या ओढणारी गाडी), रोबोट असे वाढवता येतात, पण लांबलचक एकसंध कन्व्हेयर अर्धा वाढवता येत नाही. ले-आउट बदलणार असेल, तर जमिनीत पुरलेलं किंवा बोल्टने ठोकलेलं काहीही नको. आणि आकार-वजन बदलणार असेल, तर उचलायची साधनं तपासा, वाहनं नंतर. तुमच्या बाबतीत पहिली आणि चौथी गोष्ट आहे. ले-आउट बदलणार असल्याचं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. मोबाइल रोबोटचा सर्वांत मोठा फायदा तर ले-आउट बदलतो तेव्हाच मिळतो. खरेदीआधी यावर थांबून विचार करा.

कन्व्हेयरची सध्या नाहक बदनामी झाली आहे. दर मिनिटाला बिन जातो, वाट ठरलेली आहे, अंतर कमी आहे, अशा ठिकाणी त्याच्याइतकं भरवशाचं आणि कमी खर्चाचं दुसरं काही नाही. त्याचे खरे तोटे दोन. तो वाट अडवतो, आणि एक जागी बंद पडला की सगळाच थांबतो. दोन्हींवर उपाय आहेत. 24 व्होल्टचे मोटर असलेले रोलर लावून दीड-दोन मीटरचे स्वतंत्र झोन करता येतात. प्रत्येक झोनला स्वतःचा सेन्सर, पुढचा झोन रिकामा असेल तरच मागचा चालतो, त्यामुळे बिन एकमेकांवर आदळत नाहीत. असे झोन पायांना लॉक होणारी चाकं लावून सुट्टीच्या दिवशी हलवता येतात. फक्त वीज आणि सिग्नलची जोडणी प्लग-सॉकेटची हवी. वायर कापून पुन्हा जोडावी लागत असेल, तर तो कन्व्हेयर हलवता येतो असं फक्त कागदावर म्हणायचं.

स्टोअर ते लाइन या टप्प्यासाठी फोर्कलिफ्टऐवजी टगर गाडीचा विचार आधी करा. एक ओढणारी गाडी, मागे चार-पाच ट्रॉल्या, ठरावीक वेळेला ठरावीक फेरी. फोर्कलिफ्ट एका वेळी एक पॅलेट आणते आणि परत जाताना बहुधा रिकामी जाते. टगर एका फेरीत सगळ्या स्टेशनना थोडं थोडं देतो आणि रिकामे बिन घेऊन येतो. लाइनच्या कडेला पॅलेटचे ढीग साचत नाहीत आणि मॉडेल बदलताना अर्धवट उरलेला माल परत नेण्याचा त्रास वाचतो. एक काळजी घ्या: वळणावर मागच्या ट्रॉल्या आत ओढल्या जातात का, हे पाच ट्रॉल्या जोडून, भरलेल्या स्थितीत, तुमच्याच गल्लीत पाहा. एका ट्रॉलीवर घेतलेल्या चाचणीतून हे कळत नाही.

आता रोबोट. पट्टीवर किंवा तारेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या एजीव्ही आणि नकाशावर चालणारे एएमआर, हा फरक तुम्हाला माहीत असेलच. एजीव्हीला कमी लेखू नका. व्होल्वोने 1974 मध्ये काल्मारच्या कारखान्यात जमिनीतल्या तारेच्या मार्गदर्शनाने चालणाऱ्या बॅटरीच्या वाहकांवर मोटारी जुळवल्या होत्या, म्हणजे या साधनाला पन्नास वर्षांचा अनुभव आहे. चुंबकीय पट्टीवर चालणाऱ्या एजीव्हीचा मार्ग पट्टी उखडून दुसरीकडे चिकटवली की बदलतो, कोणताही सुपरवायझर हे करू शकतो. एएमआर अडथळा आला तर वळसा घालतो. पण अरुंद गल्लीत वळसा घालायला जागाच नसते, दोन रोबोट समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागतं. अशा गल्लीत एकेरी मार्गच आखावा लागतो, आणि मग एएमआरची अर्धी हुशारी वापरातच येत नाही.

एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात. एएमआर आपली जागा आजूबाजूच्या स्थिर वस्तू पाहून ओळखतो: भिंती, खांब, रॅक. लवचिक लाइनवर नेमक्या याच गोष्टी हलत असतात. सकाळी जिथे ट्रॉल्यांची रांग असते, तिथे दुपारी मोकळी जागा. नकाशात असलेलं जे दिसत नाही आणि नसलेलं जे दिसतं, त्याचं प्रमाण वाढलं की रोबोट गोंधळतो, हळू चालतो, कधी जागीच थांबतो. उपाय आहेत, परावर्तक पट्ट्या किंवा वरच्या बाजूच्या खुणा वापरता येतात. पण चाचणी घेताना मुद्दाम ट्रॉल्या हलवा, रॅक रिकामे करा, आणि मग पाहा.

किती रोबोट लागतील, हे गणित स्वतः करा. समजा तासाला 30 फेऱ्या हव्यात, भरलेलं अंतर 180 मीटर, रिकामं 150 मीटर, माल घेणं आणि सोडणं मिळून 80 सेकंद. कॅटलॉगमधला वेग सेकंदाला 2 मीटर. त्या वेगाने प्रवासाचे 165 सेकंद, फेरी 245 सेकंदांची, तासाच्या कामाला 2.04 रोबोट. बैठकीत ‘तीन घ्या, भरपूर होतील’ असं म्हटलं जातं ते इथूनच. पण वळणं, दारं, माणसांची ये-जा धरली तर सरासरी वेग सेकंदाला 1 मीटरच्या आसपास येतो. मग फेरी 410 सेकंदांची, आणि 30 फेऱ्यांना 12,300 सेकंद, म्हणजे 3.4 रोबोट. चार्जिंग, एकमेकांसाठी थांबणं, बिघाड यांत चौथा हिस्सा वेळ जातो असं धरलं, तर 0.75 ने भागून 4.6. म्हणजे पाच. तीन आणि पाच यांतला हा फरक बजेट मंजूर झाल्यावर लक्षात आला, तर प्रकल्प प्रमुखाची झोप उडते. तुमची सरासरी गती काढायची असेल, तर भरल्या पाळीत एका माणसाला स्टॉपवॉच घेऊन आत्ताच्या ट्रॉलीमागे दोन तास चालायला सांगा. त्या आकड्यावर माझा सिम्युलेशनपेक्षा जास्त विश्वास आहे.

तुमच्या मोठ्या मॉडेलमुळे सुरक्षेचा मुद्दा वेगळा उभा राहतो. चालकविरहित वाहनांसाठी आयएसओ 3691-4 हे मानक आहे, ते पुरवठादाराकडून पाळलं गेल्याचं लेखी घ्याच. पण त्यातली व्यवहाराची बाब अशी: रोबोटचा सुरक्षा स्कॅनर साधारण घोट्याच्या वर, एका आडव्या पातळीत पाहतो. वर ठेवलेला माल रोबोटच्या अंगाबाहेर आला, तर तो बाहेरचा भाग स्कॅनरच्या लेखी नसतोच. आजच्या चार मॉडेलना माल अंगाच्या आत राहत असेल, नव्या मॉडेलला दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर स्कॅनरचं संरक्षक क्षेत्र, म्हणजे ज्यात काही आलं की रोबोट थांबतो ती जागा, रुंद करावं लागतं. म्हणजे गल्ली रुंद लागते, नाहीतर रोबोट प्रत्येक खांबापाशी थबकत जातो. मोठ्या मॉडेलचा पुठ्ठ्याचा हुबेहूब आकाराचा खोका करून तो गल्लीतून फिरवून पाहा.

फोर्कलिफ्टचंही तेच. पाटीवर 2000 किलो लिहिलं असलं, तरी ते भार काट्यांच्या मुळापासून 500 मिमीवर असतानाचं. मोठ्या मॉडेलचा खोका 1600 मिमी खोल असेल, तर त्याचा मध्य 800 मिमीवर जातो. पुढच्या चाकाच्या आसापासून काट्याच्या मुळापर्यंत 400 मिमी धरलं, तर पूर्वी 900 मिमीवर 2000 किलो होते, आता 1200 मिमीवर 1500 किलोच चालतील. मास्ट (काटे वर नेणारा खांब) वर गेला की त्याहूनही कमी. हा माझा अंदाज काढण्याचा ढोबळ मार्ग आहे, अंतिम आकडा गाडीच्या भारतक्त्यातूनच घ्या. पण ‘आपली गाडी दोन टनी आहे’ एवढ्यावर कोणी थांबत असेल, तर त्याला तिथेच अडवा. यातून माणसं दगावतात.

स्टेशनवरच्या उचलण्यात मात्र कंजूषी करू नका, माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या, हाताने उचलण्याच्या सूत्रात सगळी परिस्थिती आदर्श असतानाही 23 किलोपासून सुरुवात होते: भार अंगाजवळ, पकड चांगली, कंबर न वळवता, अधूनमधूनच. लांब हात करून, वळून, मिनिटाला दोनदा उचलायचं असेल तर मर्यादा झपाट्याने खाली येते. चार मॉडेलना हाताने जमत होतं म्हणून पाचव्यालाही जमेल, असं गृहीत धरलं जातं आणि सहा महिन्यांनी कंबरदुखीच्या रजा सुरू होतात. वर हलकी ॲल्युमिनियमच्या रुळांची क्रेन आणि खाली झटपट बदलता येणारी पकड, ही रचना मला सर्वांत उपयोगी वाटते. पकड बदलायला स्पॅनर लागता कामा नये. व्हॅक्यूमची पकड गुळगुळीत, सपाट भागांना उत्तम, पण सच्छिद्र पुठ्ठा, तेलकट पत्रा किंवा जाळीदार भागावर ती फसते. येणाऱ्या मॉडेलचा नमुना भाग हातात असल्याशिवाय व्हॅक्यूमची ऑर्डर देऊ नका. क्रेन कशाला टांगायची, हेही आधी पाहा. छताच्या ट्रसवर टांगायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागेल. स्वतंत्र खांबांवर उभी केली, तर ती पुढे हलवता येते.

जमिनीबद्दल एवढंच: जॉइंटच्या भेगा, उंबरे, उतार आणि तेल सांडण्याच्या जागा यांची यादी करा. लहान चाकांचा रोबोट 10 मिमीच्या भेगेपाशी कुरकुरतो, आणि जमीन दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं लावून चालते. लेड-ॲसिडला पूर्ण चार्ज व्हायलाच अख्खी पाळी लागते, वर थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणजे तीन पाळ्यांच्या कामाला जादा बॅटरी आणि बदलायची जागा दोन्ही आली.

सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष झालं, तर मात्र ही सगळी लवचिकता पुरवठादाराच्या हातात जाते. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीचे रोबोट घ्यायचे झाले, तर दोन्ही ताफे एकाच गल्लीत एकाच नियंत्रणाखाली चालायला हवेत. त्यासाठी जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेने ‘व्हीडीए 5050’ हा संवादाचा समान नमुना बनवला आहे. त्याला पाठिंबा आहे का, कोणत्या आवृत्तीला आहे, हे करारात लिहून घ्या. आणि नवीन थांबा जोडणं, मार्ग बदलणं, एखादी गल्ली तासभर बंद ठेवणं, ही कामं तुमच्या माणसाला करता आली पाहिजेत. प्रत्येक बदलासाठी पुरवठादाराचा इंजिनिअर बोलवावा लागत असेल, तर ती लाइन कन्व्हेयरइतकीच पक्की आहे, फक्त महाग.

तर तुमच्या लाइनसाठी माझा सल्ला असा. मुख्य कन्व्हेयर ठेवा, रोलरमधलं अंतर आणि रुंदी नव्या बिनसाठी तपासा, जिथे कमी पडेल तेवढाच भाग 24 व्होल्टच्या झोनने बदला. मोठं मॉडेल त्यावर चढवण्याचा हट्ट धरू नका. त्याच्यासाठी बाजूला दोन-तीन स्टेशनची वेगळी शाखा काढा, तिथे जॉब उंची बदलता येणाऱ्या ट्रॉलीवर राहू द्या. स्टोअर ते लाइन टगर फेरी सुरू करा, सुरुवातीला माणसाने चालवलेली. तीन-चार महिने फेरीच्या वेळा, मार्ग आणि ट्रॉली स्थिर झाल्या की त्याच ट्रॉल्यांखाली शिरणारे रोबोट आणा, आधी दोन, एकाच मार्गावर.

रोबोट स्वीकारताना चाचणी अशी ठेवा: पुरवठादाराचे लोक खोलीबाहेर, तुमचा दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आत. त्याने एक स्टेशन पाच मीटर सरकवायचं, नकाशात नवा थांबा टाकायचा, 400 × 300 च्या बिनची ट्रॉली काढून मोठ्या मॉडेलची लावायची आणि पाळी संपायच्या आत दहा फेऱ्या विनाअडथळा काढून दाखवायच्या. शेवटचा हप्ता या चाचणीला बांधून ठेवा, आणि हे कलम चौकशी पाठवतानाच पुरवठादाराला कळवा. काही जण त्याच टप्प्यावर माघार घेतील, उरलेल्यांशीच पुढची बोलणी करा.